पिवळीचं कापड

जहाजाचा पंख एकट्यानं शिवता येत नाही. कोणी कितीही बढाया मारो, नाही म्हणजे नाही. पंख चौकटीत अडकवून भिंतीसारखा उभा करायचा, एका अंगाला एक माणूस, दुसऱ्या अंगाला दुसरा. सुई चांगली हातभर लांब. इकडच्यानं खुपसली की ती पंखाची दोन्ही कापडं भेदून तिकडं निघते. तिकडचा ती ओढून घेतो आणि आतल्या लाकडी फासळीच्या दुसऱ्या कडेनं परत पाठवतो. मग इकडच्यानं गाठ मारायची, की कापड फासळीला बसलं. असं सुईचं जाणं-येणं दिवसभर चालतं, आणि दोघांना एकमेकांचं तोंड म्हणून दिसत नाही. शहापूरच्या कारखान्यात रुखमा आणि भोजराज असे वर्षानुवर्षं समोरासमोर उभे राहिले, आणि मध्ये कायम एक पंख.

जहाज म्हणजे समुद्रातलं समजू नका. भंडाऱ्यात समुद्र कुठून आणता? आमच्याकडं विमानाला जहाजच म्हणतात.

आणि हा कारखाना तरी काय, मुळात कृष्णरावांच्या बैलांचा गोठा! कृष्णराव शहापूरच्याच धानवाल्या घरातले. तिकडं कानपूरला विमानं दुरुस्त करायच्या नोकरीत बरीच वर्षं काढून परत आले. गावाला वाटलं, आता हा वावर पाहील, बांध घालील, तळ्याच्या पाण्यासाठी चारचौघांशी भांडेल. त्यांनी काय करावं? गोठ्यातले बैल भावाकडं पाठवले आणि तिथं लेथ मशीन बसवली. आधी धानाला पाणी देणारी इंजनं बनवली. ती खपली. मग एक हलकं इंजन बनवलं, त्याला लाकडाचा पंखा जोडला आणि ते सगळं लचांड बैलबंडीवर बांधून सुरू केलं. बहात्तर सालची गोष्ट. बंडी बैलांशिवाय धावत सुटली, ती थेट सेवकराम पाटलाच्या चिखलात जाऊन रुतली. अर्धं गाव पोट धरून हसत होतं, सेवकराम पाटील शिव्या देत होता, आणि कृष्णराव गुडघाभर चिखलात उभे राहून ओरडत होते, "ओढते रे, ओढते!" लोक म्हणाले, गेला हा कामातून.

गेला कसला! दोन वर्षांत त्याच इंजनावर दोन माणसांचं जहाज उभं राहिलं. घरच्या धानाच्या बांध्या सपाट करून धावपट्टी झाली. दिल्लीचे साहेब आले, गेले, पुन्हा आले, शेवटी परवानगी देऊन गेले. धानावर रोग पडला की औषध फवारायला जहाज, पोरांना उडायला शिकवायला जहाज, अशी मागणी सुरू झाली. भंडाऱ्याचे पितळेची भांडी ओतणारे दोन कारागीर इंजनाच्या कामाला आले. गोठ्याची शेड झाली, एका शेडच्या तीन झाल्या. गावानं मग आपल्या पद्धतीनं त्या जहाजांना पदरात घेतलं. गाईंना ठेवतात तशी नावं ठेवली. एक ढवळी, एक मोरी, एक कपिली.

रुखमाला या कारखान्यात आणलं कृष्णरावांच्या बायकोनं, निर्मलाबाईंनी. रुखमाचं माहेर आंधळगाव, सासर शहापूर. लग्नाला तीन वर्षं होत नाहीत तो नवऱ्याला बांधीत पान लागलं. साप चावला असं आमच्यात म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. माणूस जायचा तो जातोच. गळ्यातली काळ्या मण्यांची पोत उतरली. घरात उरल्या सासू चंद्रभागाबाई आणि ही. पोटाला धान होतं, पण दिवस जाता जात नव्हता, म्हणून ती लोकांच्या गोधड्या शिवून द्यायची. तिचा टाका निर्मलाबाईंना आवडला, आणि त्या तिला हाताला धरून शेडमध्ये घेऊन गेल्या.

भोजराज नाकाडोंगरीचा. धान होऊन गेलं की तुमसरच्या राईस मिलमध्ये पोत्यांची तोंडं शिवायला जायचा. एका पोत्याला चार हात मारले की दुसरं पोतं, असा झपाटा. त्यावरच तो कारखान्यात लागला. त्याची बायको बाळंतपणात गेलेली, मूलही गेलेलं. घरी म्हातारी आई. माणूस उंच, हाडापेरानं दणकट, आणि बोलायला असा महाग की विचारू नका. सकाळी आल्यावर "आले का रुखमाबाई", संध्याकाळी "येतो रुखमाबाई", एवढंच.

रुखमा शेडमधल्या झाडून साऱ्या पुरुषांना भाऊ म्हणायची. शिवलेल्या कापडाला लेप लावणारा परसराम तिचा परसरामभाऊ, सुताराचा नत्थू तिचा नत्थूभाऊ. भोजराजला मात्र तिनं एकदाही भाऊ म्हटलं नाही. "अवं, सुई पाठवा," म्हणायची. ही गोष्ट दुसऱ्या कोणाच्या नाही पण मंगलाबाईच्या ध्यानात आली होती. मंगलाबाई कापड कापून द्यायची, आणि तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

शेजारी ठोकाठोक, बाहेर इंजनं घरघरतायत, तिथं बोलायची सोय थोडीच. म्हणून दोघांचं बोलणं दोऱ्यावर चालायचं. दोनदा हळू ओढलं म्हणजे पोचलं, ठीक आहे. हिसका दिला म्हणजे चुकलं, परत घ्या. दोऱ्याला मेण लावायचं काम भोजराजचं, गाठ मारायचं रुखमाचं. सकाळी ऊन त्याच्या पाठीमागच्या दारातून यायचं, तेव्हा कापडावर त्याची सावली पडायची आणि ती रुखमाला दिसायची. दुपारनंतर ऊन फिरलं की हिची सावली त्याला. सकाळभर रुखमा त्या सावलीशी मनातल्या मनात सारं बोलून घ्यायची. दुपारनंतर उगाच पदर सारखा करायची.

रुखमाला भोजराज हवा होता. आता हे आडवळणानं कशाला सांगायचं? रात्री चुलीपुढं बसली की तिला वाटायचं, पलीकडं तो बसलेला असावा आणि मध्ये पंख नसावा, बस्स. आणि यात अडचण तरी कोणती होती? विधवेचा पाट लागतो आमच्यात, पुरुष काळी पोत बांधतो, चार माणसं जेवतात, झालं. चंद्रभागाबाईंनी तर एकदा भाकरी थापता थापता स्वतःच विषय काढला.

"कोणी इचारलं तं सांगजो मले," त्या म्हणाल्या. "मी तुह्या आड येनार नाई. मी आज हाओ, उद्या नाई."

पण विचारायला तर पाहिजे ना कोणी! ते पुरुषाकडून यावं लागतं. बाईनं कसं तोंड उघडायचं? आणि हा बाबा असा, की सुई मागायलासुद्धा दोरा हलवायचा. रुखमा वाट पाहत राहिली. एक जहाज झालं, दुसरं झालं. दर जहाजाला तिला वाटायचं, या पंखाला तरी विचारील.

मग अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीआधी पिवळी उभी राहिली. पिवळी म्हणजे नागपूरकडच्या उडायला शिकवणाऱ्या एका क्लबासाठीचं जहाज. रंग पिवळा म्हणून पिवळी. तिचा उजवा पंख चौकटीत होता. डब्याच्या वेळी मंगलाबाईनं बातमी आणली. मालक आता पत्र्याचे पंख करणार. बंगलोरकडं दुसरा कारखाना निघतोय, मोठा. इथली काही माणसं तिकडं शिकायला जाणार, आणि पहिलं नाव भोजराजचं. त्यानं आठ दिवसांपूर्वीच हो म्हटलंय.

रुखमानं हातातला घास डब्यात परत ठेवला. आठ दिवस! आठ दिवस हा माणूस समोर उभा राहतोय, मेण लावतोय, सुई पाठवतोय, आणि एका शब्दानं सांगत नाही? मी याची कोण, असं तिला वाटलं. मग वाटलं, खरंच, कोण? आणि त्याचाच जास्त राग आला.

डबा झाल्यावर दोघं पुन्हा पंखाशी उभे राहिले. शेवटच्या फासळीशी सुई आली, हिनं ओढली, तर दोरा अडल्यासारखा झाला. मेणाचा खडा राहिला असेल. रोज कसं निगुतीनं मेण लावतो, आणि आज बंगलोर डोक्यात घुसलंय! तिनं रागानं असा हिसका दिला की चौकट हलली. दोरा आला. पलीकडं काहीच हालचाल नाही. दोरा जड पडून राहिला. मग तिनं सुई परत पाठवली, ती तिकडून मुकाट्यानं आली, तिनं गाठ मारली, आवळून मारली, आणि तो दिवस संपला. त्या संध्याकाळी भोजराज "येतो रुखमाबाई" न म्हणता गेला.

दिवाळी झाल्यावर तो बंगलोरला गेला. फाटकाशी ट्रंक घेऊन उभा होता. रुखमा मुद्दाम सावकाश बाहेर आली, की आता तरी. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "सांभाळून राहाजा." बस आली. चढला, गेला.

बघा आता. असल्या माणसाला काय म्हणावं?

कारखाना मात्र धानासारखा फुटव्यावर फुटवे टाकत वाढला. हायवेवर कमान लागली, भोंगा लागला, कामगारांना आणायला बस लागली. इंजनं आता नुसती आपल्याच जहाजांना नव्हे, दुसऱ्या कारखान्यांनाही जायला लागली. पत्र्याचे पंख आले आणि त्यांच्यासोबत पत्रे जोडायच्या रिबिटा ठोकायचा असा कल्ला आला की शेडमध्ये माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येईना. कापडाचं काम आटत आटत एका कोपऱ्यात आलं. जुनी जहाजं कधी कापड बदलायला यायची, तेवढंच. मालक रुखमाला म्हणाले, पत्र्याकडं या, हात चांगला आहे तुमचा. ती नाही म्हणाली. कापडाला समोर माणूस लागतो, आणि काम वाढलं तर मालक जुनं माणूस परत बोलावतील, असा तिचा खुळा हिशोब. माणूस कशाला लटकून राहील, काही नेम नाही.

भोजराज दर दिवाळीला गावी यायचा. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया म्हणजे जत्रा भरतात, रात्री दंडारीचा खेळ होतो, बाहेर गेलेला माणूस तेव्हा घरी येतोच. नाकाडोंगरीहून तो एक दिवस शहापूरला यायचा, मालकांना भेटायचा, शेडमध्ये चक्कर मारायचा आणि रुखमाच्या कोपऱ्याशी येऊन थांबायचा. रुखमा हातातली सुई बाजूला ठेवायची. आणि दरवर्षी तो एकच विचारायचा.

"पिवळीचं कापड काढलं का जी?"

हे काय विचारणं झालं? वर्षभरानं आलेला माणूस सासूचं विचारील, तब्येतीचं विचारील. याला पिवळीचं पडलंय! रुखमाला वाटायचं, याचा जीव त्या जहाजातच अडकलाय, आपण उगाच झुरून मरतोय. मग ती फणकाऱ्यानं सांगायची, "नाई काढलं. मी शिवलेलं उकलत नसते."

तो "हो, ते तं हाये," म्हणायचा, जरा वेळ रेंगाळायचा आणि जायचा.

आणि खरंच उकलत नव्हतं. एरवी सहा-सात वर्षांत कापड मऊ पडतं, काढून नवं घालावं लागतं. पिवळी नागपुराहून दरवर्षी तपासणीला यायची, साहेब अंगठ्यानं कापड दाबून पाहायचा, कापड ढोलकीसारखं ताठ, आणि पिवळी पास होऊन उडून जायची. कृष्णराव गिऱ्हाइकांना कौतुकानं तिचा पंख दाखवायचे. रुखमाला बरं वाटायचं. आता काय सांगावं, तिला बरं वाटायचं!

चंद्रभागाबाई गेल्या. रुखमाच्या केसांत पांढरं दिसायला लागलं. शहाऐंशीच्या दिवाळीला भोजराज आला तो एकटा नव्हता. सोबत बायको होती, शकुनबाई. आईनं अंथरूण धरलं होतं आणि डोळे मिटायच्या आत मुलाचं घर पाहायचं म्हणून हट्ट धरला होता, तेव्हा पावसाळ्याआधी पाट लावून घेतला. शकुनबाई साधी, हसरी. गळ्यात नवी काळी पोत. रुखमानं दोघांना चहा दिला, शकुनबाईला बसायला आपली चटई दिली, माहेर कोणतं ते विचारलं. भोजराजनं चहा पिऊन कप खाली ठेवला, पंखाच्या रिकाम्या चौकटीकडं एकदा पाहिलं आणि उठला. त्या वर्षी त्यानं पिवळीचं विचारलं नाही. रुखमाला त्याच्या लग्नाइतकंच तेही लागलं, आणि का लागलं ते तिचं तिलाच कळेना.

होळीच्या जरा आधी गारपीट झाली. नागपूरला पिवळी उघड्यावर उभी होती. शिवण नाही उकलली, पण लिंबाएवढ्या गारांनी कापडाची चाळण केली. पिवळी ट्रकवर बसून शहापूरला आली, पंख उतरवले गेले आणि उजवा पंख रुखमासमोरच्या चौकटीत उभा राहिला.

जुनं कापड काढताना एकेक गाठ कापावी लागते. रुखमा आपल्या बाजूनं गाठी कापत चालली. आपल्याच गाठी, आपल्याच हातानं. शेवटच्या फासळीशी आली. गाठ कापून तिनं कापड सोडवलं, तर आतून काहीतरी निसटलं आणि फासळीच्या लाकडावर टक् करून वाजलं. तिनं हात घालून काढलं.

काळा मणी होता. मेणानं माखलेला. काळ्या पोतीत असतो तसा एकच मणी.

आधी तिला काही कळलंच नाही. मग ती पंखाला वळसा घालून पलीकडं गेली, जिथं भोजराज उभा राहायचा तिथं. त्या फासळीशी त्याच्या बाजूच्या कापडाला सुईचं छिद्र नव्हतं, पोती शिवायच्या दाभणाचं होतं, मोठं, मणी जाईल एवढं. हिच्या बाजूला नुसतं सुईचं. मणी त्याच्या कापडातून आत गेला होता, दोऱ्यावरून पंखाच्या पोकळीतून सरकत हिच्या कापडापर्यंत आला होता आणि तिथंच आतून अडकला होता. अरे बाबा, पंखाला दोन कापडं असतात! पण जन्मभर पोत्याचं तोंड शिवलेला माणूस. एकदा दाभण घातलं की सारं आरपार, एवढंच त्या हाताला ठाऊक. रीतीनं विचारायला घरात मोठा पुरुष नाही, तोंडात शब्द नाही. म्हणून त्यानं दोऱ्यावर मणी पाठवला होता. बंगलोरला जायच्या आधी. सुई आली तेव्हा मणी तिच्या हातात पडला, असंच त्यानं धरलं असणार.

आणि तिनं काय उत्तर दिलं होतं? हिसका. चुकलं, परत घ्या.

ती तिथंच खाली बसली. पिवळीचं कापड काढलं का जी, पिवळीचं कापड काढलं का जी. सात वर्षं तो विचारत होता. हिच्या हाती मणी कधी लागलाच नसेल, अशी शंका त्याला बंगलोरला बसून आली असेल, की हिसका खरा होता का खोटा ते एकदा पाहायचं असेल, देव जाणे. आणि ही त्याला ऐकवत होती, मी शिवलेलं उकलत नसते! एवढी कशाला आवळून मारली गाठ? जरा कच्ची राहिली असती, दोन वर्षं आधी कापड गेलं असतं, तर काय बिघडलं असतं कोणाचं? रुखमा रडली. रिबिटांचा कल्ला चालू होता, त्यामुळं तिला तोंडावर पदर धरायचीही गरज पडली नाही.

नवं कापड चढवलं तेव्हा समोर मंगलाबाई उभी राहिली. आता दुसरं होतंच कोण? दोन दिवस शिवण चालली. शेवटच्या फासळीशी आल्यावर रुखमानं पदराच्या गाठीतून मणी काढला. नाकाडोंगरीला नेऊन द्यावा, हे तिच्या मनात येऊन गेलं होतं. पण शकुनबाई डोळ्यांपुढं आली, चटईवर बसून हसणारी, आणि तिच्या वाट्याच्या घरात हा मणी न्यायचा हक्क आपल्याला नाही, हे रुखमाला कळत होतं. ठेवून घ्यावा, तर कुठं ठेवायचा? गळ्यात तर घालता येत नाही.

तिनं दाभण घेतलं आणि आपल्या बाजूचं छिद्र मोठं केलं. मणी दोऱ्यात ओवला, सुई खुपसली आणि मणी बोटानं आत ढकलला.

पलीकडं मंगलाबाईनं दोरा ओढायला घेतला आणि थांबली.

"काही अडलं का वो?" ती ओरडली.

"नाई," रुखमा म्हणाली. "हिसका नोको देऊ. हळू ओढ."

दोरा हळूहळू सरकत गेला. मणी पोकळीतून पलीकडं गेला आणि तिकडच्या कापडाला आतून जाऊन टेकला, भोजराजच्या बाजूला. रुखमाला ते बोटांत जाणवलं. तिनं आपल्या टोकाचा दोरा धरला आणि दोनदा हळू ओढला. पोचलं, ठीक आहे.

मग सुई परत आली, आणि तिनं गाठ मारली.